शरयूताई आणि ब्रह्मा घाटावरचा जरीपटका

डॉ. शरयू खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या गळ्यात हार होता. अकोल्याहून वाराणसीला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. इथल्या एका महाविद्यालयात इतिहासाचा व्याख्याता म्हणून मी रुजू झालो होतो आणि शहरातल्या मराठी मंडळींनी महाराजांच्या जयंतीला मला भगव्या झेंड्यावर बोलायला बोलावले होते. मी जोरात बोललो. झेंडा कुणी दिला, रंग का निवडला, दोन टोके कशाची खूण, सगळे सांगून टाकले. टाळ्या पडल्या. व्यासपीठावरून उतरलो तर सुती साडी नेसलेल्या एक बाई समोर उभ्या होत्या.

"छान बोललात," त्या म्हणाल्या. "आवाज चांगला आहे. आता मला सांगा, यातलं तुम्ही पाहिलंय किती आणि ऐकलंय किती?"

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. "रविवारी घरी या, चहा घेऊ," म्हणून पत्ता सांगितला आणि त्या निघून गेल्या. त्या इथल्याच एका महिला महाविद्यालयात इतिहास शिकवत आणि मराठ्यांचे ध्वज हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, हे मला नंतर कळले. त्या रविवारी गेलो, आणि मग जातच राहिलो. नोकरीने मी त्यांचा सहकारी कधीच नव्हतो. सवयीने शिष्य झालो.

आज ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. लेखासाठी संपादकांना माझ्या मागे फार लागावे लागले. ताईंविषयी लिहायला काही नव्हते म्हणून उशीर झाला असे नाही. झेंडा या विषयाचाच मला शीण आला आहे. हल्ली प्रत्येक जयंतीला मोबाइलवर नवा झेंडा आणि नवा इतिहास येतो, आणि संध्याकाळपर्यंत त्यावरून कुणी तरी कुणाशी बोलणे टाकलेले असते. मी असले संदेश न वाचता पुसतो. ताई मात्र अजून वाचतात. विचारणाऱ्याला फोन करून सांगतात, "यातलं एवढं खरं आहे, एवढं माहीत नाही, आणि एवढं कुणी तरी काल रचलंय." दुसऱ्या वर्षी तोच संदेश परत येतो. ताई परत तेच सांगतात.

ताईंनी आम्हाला जे शिकवले ते थोडक्यात सांगणे अवघड नाही. भगवा आणि जरीपटका या दोन वेगळ्या गोष्टी. भगवा राज्याचा, किल्ल्यावर चढणारा. जरीपटका हुकमाचा. तो फौजेबरोबर चालायचा. ज्याच्याकडे तो दिला, त्याने मोहीम चालवायची. तो पडला की फौजेचा धीर सुटायचा. एवढे सांगून त्या नेहमी म्हणत, "ढोबळमानाने." कारण जरीपटका नेमका दिसायचा कसा, यावर जुन्या चित्रांचे आणि जुन्या उल्लेखांचे एकमत नाही, आणि ते आहे असे दाखवायला त्या तयार नसत. भगव्या रंगाचे त्याग, अग्नी, उगवता सूर्य हे अर्थ मुली वहीत उतरवून घेऊ लागल्या की त्या थांबवत. "अर्थ चांगले आहेत. पण कापड आधी रंगतं, अर्थ मागून येतात. आणि गेरूत बुडवलेलं कापड उन्हात टांगून बघा, रंग उडाला की तुमचा भगवा कुठला, ते सांगता येतं का पाहू." साधूने आपली छाटी फाडून दिली आणि तिचा झेंडा झाला, ही गोष्ट त्यांनाही आवडे. त्या ती रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "गोष्ट गोड आहे. जुना पुरावा मला सापडलेला नाही. तुम्हाला सापडला तर पहिला पेढा माझा." आजच्या महाराष्ट्र राज्याला स्वतःचा अधिकृत असा वेगळा झेंडाच नाही, हे त्यांनी सांगितले की मंडळातले लोक चिडत, जणू तो त्यांनीच काढून नेला आहे.

त्यांचे पुस्तक एकच, तेही पातळ. "जेवढं माहीत होतं तेवढं लिहिलं," असे त्या सांगतात.

त्यांच्या अभ्यासाबद्दल या ग्रंथात माझ्याहून अधिकारी माणसे लिहितील. मला त्यांच्या स्वभावाचे सांगायचे आहे. माझे वडील म्हातारपणी माझ्याकडे काशीला आले. त्यांना हिंदी येत नव्हती आणि दिवसभर घरात बोलायला कुणी नव्हते. माझी मुले आपसात हिंदीच बोलत. वडील खिडकीशी बसून राहत. ताईंना हे कळल्यावर त्या दुपारच्या येऊ लागल्या. मला वाटले, चार दिवस येतील. पण वडील होते तोवर त्या येत राहिल्या. वडील त्यांना कपाशीची वाणे सांगत, बैलांचे स्वभाव सांगत, गावातल्या जुन्या भांडणांचे निकाल सांगत. ताई मधून मधून नीट प्रश्न विचारत. एकदा त्या गेल्यावर वडील मला म्हणाले, "हे बाई बरं आयकते बापा. नाही त् तुम्ही पोट्टे, नुसती मान हालवता." ते ऐकून मी पुन्हा मानच हलवली.

आता मुख्य प्रसंग. तो सांगितल्याशिवाय ताईंचा गौरव पुरा होणार नाही, आणि आमच्या मंडळींना तो अजून अवघड वाटतो, हेही मला ठाऊक आहे.

ब्रह्मा घाटाच्या वर, गल्लीत, अण्णांचे घर. अण्णा म्हणजे वेदपाठी घराण्यातले, आम्हा सगळ्यांचे वडीलधारे. ताईंचे वडील त्या लहान असतानाच गेले. आई शिकवण्या करून घर चालवी, आणि ताई शाळेतून परस्पर अण्णांच्या घरी जात. तिथे जेवत आणि अण्णांकडून संस्कृत शिकत. ताई म्हणतात, "मला दोन घरं होती. एकात झोपायची, एकात शिकायची."

अण्णांच्या देवघरात सागवानी पेटीत एक जरीचे वस्त्र होते. लालसर किनखाब, जागोजागी काळवंडलेली जर, आणि एका बाजूला दोन टोके. दसऱ्याला ते बाहेर काढून त्याची पूजा होई. काशीयात्रेला आलेल्या कुणा सरदाराने घराण्याच्या स्वाधीन केलेला हा जरीपटका, अशी त्याची ख्याती होती. लांबून लांबून लोक दर्शनाला येत. पूजा झाली की लगेच घडी घालून आत ठेवत, त्यामुळे नीट कुणीच पाहिलेले नव्हते. ताईंनीही नाही. अण्णांच्या घरातल्या वस्तूकडे त्यांनी अभ्यासाच्या नजरेने कधी पाहिले नव्हते.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या नव्या सभागृहाचे उद्घाटन ठरले. तो जरीपटका काचेच्या पेटीत घालून तिथे ठेवायचा, कार्यक्रमानंतर पेटीसह दशाश्वमेध घाटावरून मिरवणूक काढायची, मोठे पाहुणे बोलवायचे आणि ताईंनी त्यावर व्याख्यान द्यायचे, असा बेत झाला. ताई म्हणाल्या, "आधी मला ते उजेडात बघू द्या." अण्णांना आनंदच झाला. त्यांचा मुलगा मुकुंद याने गच्चीवर पांढरी चादर अंथरली आणि वस्त्र उलगडले. मी बरोबर होतो.

ताईंनी बराच वेळ पाहिले. उलटून पाहिले. मग मुकुंदला म्हणाल्या, "तू जरा खाली जा. मला अण्णांशी बोलायचंय." मीही उठलो. त्यांनी मला बसायला सांगितले.

"अण्णा, हा झेंडा नाही."

अण्णा हसले. "काय बोलतेस? सगळी काशी पूजा करते त्याची."

"पूजा करावी. पण हे बघा. काठी घालायला कुठे जागा नाही. या दोन जुन्या कोपऱ्यांना बंद आहेत, टांगायचे. खालच्या अंगाला मधोमध दिव्याची काजळी आहे. हा देवीच्या डोक्यावरचा चांदवा आहे. चौकोनी होता. ही दोन टोकं..." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "ही कुणी तरी नंतर कातरली आहेत. जरीचं फूल मधोमध कापलंय, अण्णा. विणणारा असं करत नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. ते वस्त्राकडे बघेनात.

"शरयू, तू या घरात जेवलीस."

"म्हणूनच आधी तुमच्याकडे बोलले."

"मग उद्या स्टेजवर काय बोलणार? मी सोचून ठेवलं होतं, तू सांगशील आणि लोक ऐकतील."

"मला बोलवूच नका. मी आजारी आहे म्हणून सांगा. मला या कापडाबद्दल कुणी विचारलं नाही तर मी आपणहून काही बोलणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलता येणार नाही मला."

अण्णांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मला कळले नाही. त्यांनी कुणालाच काही सांगितले नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या आणि ताईंचे नाव त्यांत तसेच राहिले.

उद्घाटनाच्या दिवशी ताई मराठ्यांच्या ध्वजांवर बोलल्या. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही, हे त्यांनी सांगितले. इथे मराठ्यांनी घाट बांधले, देवळे बांधली, अन्नछत्रे घातली. झेंडा रोवायला जमले नाही तिथे पायऱ्या बांधल्या, आणि त्या टिकल्या, असे त्या म्हणाल्या. मला ते भाषण फार आवडले होते. शेजारच्या काचेच्या पेटीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. खाली बसायला वळल्या, तेवढ्यात सूत्रसंचालकाने उत्साहाने माइक पुढे केला. "ताई, आप के मुँह से सुनना चाहते हैं. आपला जरीपटका तो हाच, नाही का?"

ताईंनी अण्णांकडे पाहिले. अण्णा पहिल्या रांगेत होते, त्यांची नजर खाली होती.

"मला तो देवीचा चांदवा वाटतो," ताई म्हणाल्या. "सुंदर आहे, जुना आहे. जरीपटका असावा असं मला वाटत नाही."

त्या कातरण्याबद्दल बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण एवढेच पुरेसे झाले. पाहुणे लवकर निघाले. मिरवणूक झाली नाही. मुकुंद सगळ्यांदेखत ताईंना म्हणाला, "आजपासून आमच्या घरी तुमचं काम नाही." अण्णांनी त्याला अडवले नाही.

पुढची वर्षे मला आठवायलाही नको वाटतात. गणपतीत ताईंना आमंत्रण गेले नाही. संक्रांतीला त्यांच्या गल्लीत तिळगूळ वाटला गेला आणि त्यांचे दार वगळले गेले. रविवारी त्या मुलांना मराठी वाचायला शिकवत. एकेक करून मुले यायची थांबली. कुणी म्हणे त्या घराण्यावर जळतात, कुणी म्हणे त्या महाराष्ट्रद्वेष्ट्या. मी चिडून उत्तरे देई. ताई म्हणत, "पाठक, तुम्ही भांडू नका. तुमचा आवाज मोठा आहे, त्याने माझीच बाजू लंगडी होते." त्या बारीक झाल्या. संकठा घाटाच्या बाजूने घरी जायचे असले की अण्णांची गल्ली टाळून लांबून जात. गुडघे दुखत असतानाही. एकदा मी विचारले, "ताई, पश्चात्ताप होतो का?" त्या म्हणाल्या, "बोलल्याचा नाही होत. अण्णा एकटे बसले होते त्याचा होतो."

मग एका सकाळी अण्णा स्वतः त्यांच्याकडे आले. मी तिथेच होतो, ताईंचे औषध आणून दिले होते. अण्णा नव्वदीला टेकलेले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. मुकुंद खाली रिक्षात बसून होता, वर आला नाही. ताईंनी पाणी दिले आणि समोर जमिनीवर बसल्या, लहानपणी संस्कृत शिकायला बसत तशा.

"ती कातर माझ्या बाबांची," अण्णा म्हणाले.

ताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.

"मी छोटा होतो. इंग्रजांचं राज. गल्लीतली पोरं पकडून नेत होते. बाबांना छतावर आपला दोन टोकांचा झेंडा लावायचा होता. झेंडा शिवायला कोण देणार? कपडा आणला तर शक होणार. तर त्यांनी देवीचा चांदवा उतरवला. म्हणाले, आईला चालेल. मी एक टोक धरलं, त्यांनी कातर चालवली. आजी खूप रडली. म्हणाली, देवीच्या डोक्यावरचं काढलंत. एक सकाळ तो छतावर होता. मग शिपाई गल्लीत आल्याची खबर आली आणि उतरवून पेटीत ठेवला. कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, हा आमच्याकडे आलेला जुना जरीपटका. जुनी वस्तू म्हटलं की कोणी हात लावत नसे. स्वराज्य आलं, तरी तेच बोलत राहिले. मग ते गेले. मग मी बोलत राहिलो." ते थांबले. "त्या दिवशी गच्चीवर तू फूल दाखवलंस ना, कापलेलं. मला वाटलं, तू बाबांना चोर म्हणतेस."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिले.

"अण्णा, हे मला तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी स्टेजवर दुसरंच बोलले असते. तो झेंडाच आहे. जरीपटका नाही. तुमच्या बाबांचा झेंडा आहे. मी मराठ्यांच्या फौजेचे झेंडे शोधत आयुष्य घालवलं, त्यातला एकही असा माझ्यासमोर आला नाही, की ज्याची कातर धरणारा मला माहीत आहे."

"मग आता?"

"आता तुम्हीच सांगा सगळ्यांना. मी सांगायची गोष्ट नाही ही."

त्या दसऱ्याला अण्णांनी वस्त्र बाहेर काढले आणि जमलेल्या लोकांना सगळे सांगितले. मोडक्या आवाजात, निम्मे मराठीत, निम्मे हिंदीत. ताईंनी कधी न उघड केलेली कातरण्याची गोष्टही त्यांनीच सांगितली; म्हणूनच मी ती इथे लिहू शकलो. सगळे एकदम गोड झाले असे मात्र नाही. काही लोक म्हणाले, म्हाताऱ्याला शरयूने पढवले. काहींना अजूनही जरीपटकाच हवा आहे. मुकुंदला ताईंशी बोलायला आणखी बराच काळ लागला. पण त्याच दसऱ्याला ताई त्या घराच्या पायऱ्या पुन्हा चढल्या. किनखाब घडी घालून ठेवला की घडीवर तुटतो, म्हणून त्यांनी मुकुंदच्या बायकोला ते वस्त्र मलमलीत घालून गुंडाळायला शिकवले. पुढे दर ऋतूला जाऊन त्या कसर लागली का पाहत.

अण्णा आता नाहीत. शेवटच्या आजारात ताई रोज त्यांच्याजवळ बसून त्यांनी शिकवलेले श्लोक म्हणत. एकदा एक चरण चुकला. अण्णांनी डोळे न उघडता तो सुधारला, आणि ताईंना कोण आनंद झाला!

रविवारच्या वर्गाला आता तीन-चार मुले येतात. बहुतेकांचे आईवडील रेल्वेत किंवा बँकेत, बदली झाली की जाणारे. मुले 'ताई, ये वाला अक्षर?' असे विचारतात आणि ताई मराठीत उत्तर देतात. या सगळ्याचा काही उपयोग आहे का, असे मी अधूनमधून विचारतो. मी दमलो आहे, म्हणून विचारतो. ताईही दमल्या आहेत. त्या ते नाकारत नाहीत. "दमले हो," म्हणतात, आणि पाटी पुढे ओढतात.

या सत्काराला त्या तयार नव्हत्या. व्यासपीठावर त्यांना पुन्हा बसवायला आमच्यापैकी काहींना लाज वाटत होती, हेही खरे. मुकुंदनेच त्यांना जाऊन विनवले, तेव्हा त्या हो म्हणाल्या.

ताई, तुम्हाला शंभर वर्षांचे आयुष्य मागताना त्यात आमचा स्वार्थ आहे, हे आम्हाला कळते. तुम्ही आहात तोवर खरे-खोटे विचारायला एक दार आहे. तेव्हा मागणे थोडे बदलून मागतो. तुमचे गुडघे बरे होवोत. डोळे शेवटपर्यंत बारीक टाका दिसेल इतके चांगले राहोत. थंडीच्या दिवसांत तुम्हाला घाटाच्या पायरीवर उन्हात निवांत बसायला मिळो, समोर गंगा असो, आणि त्या वेळी तुम्हाला कुणीही येऊन काहीही न विचारो. आम्हीसुद्धा नाही.